दावा नाशकात, नोटीस मुंबईची

वाचकाचं पत्र

नमस्कार. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा शीट मेटल पार्टचा कारखाना आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, मी आणि सौ. असे दोघंच संचालक. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आम्ही स्टीलच्या कॉइल घ्यायचो. २०२३ च्या पावसाळ्यात आलेला माल जाडीला कमी भरला, काही कॉइल आतून गंजलेल्या निघाल्या. आमच्या ग्राहकाने पार्ट परत पाठवले. आम्ही व्यापाऱ्याला मेल केले, डेबिट नोट पाठवली, शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये नाशिकला ८५ लाखांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. तो अजून चालू आहे. आता त्याने १ कोटी ३१ लाखांची दिवाळखोरी कायद्याची नोटीस धाडली आहे. शिवाय तारण म्हणून दिलेले चेक बँकेत टाकले, ते परत गेले आणि त्याचीही केस झाली.

बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखातं ४ कोटी १० लाखांवर थकलंय आणि तीही एनसीएलटीची, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाची, भाषा करतेय. खरं तर आमचेच पैसे अडकलेत. एका मोठ्या ग्राहकाविरुद्ध आम्हाला २ कोटी ६० लाखांचा लवादाचा निवाडा मिळालाय, पण त्याने तो कोर्टात नेलाय. मेहुणे म्हणतात, एका विषयाची केस एका कोर्टात चालू असताना दुसरीकडे चालत नाही, नाशिकच्या कोर्टातून स्टे आणला की झालं. एनसीएलटीत स्टे मिळतो का? कशाच्या आधारावर देतात? आणि एक सांगायचं राहिलं. मार्च २०२४ मध्ये आमच्या अकाउंटंटने त्या व्यापाऱ्याच्या बॅलन्स कन्फर्मेशनवर शिक्का मारून सही करून दिली होती. त्याने काही बिघडतं का?

उत्तर

पत्रावर अकरा तारीख आहे आणि नोटीस तुमच्या हाती पडली सहा तारखेला. म्हणून आधी तुम्हाला फोन केला, मग लिहायला बसलो. कायद्याने उत्तराला दहा दिवस असतात, आणि त्यातले पाच तुम्ही स्टेच्या विचारात घालवलेत. हे छापून येईपर्यंत उत्तर गेलेलं असेल असं धरून चालतो. इतर वाचकांसाठी सांगतो, मुदत हुकली म्हणून बचाव संपत नाही, पुढे अर्ज दाखल झाल्यावरही वाद दाखवता येतो. पण वेळेत गेलेलं उत्तर आणि मागाहून सुचलेलं उत्तर यांच्याकडे न्यायाधिकरण एकाच नजरेने बघत नाही.

आता मेहुण्यांबद्दल. ते सांगतात ते अगदीच हवेतलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० मध्ये तसं आहे: त्याच पक्षकारांमध्ये त्याच मुद्द्यावर आधीचा दावा चालू असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबवायची. पण ते दाव्यांसाठी. दिवाळखोरीचा अर्ज हा दावाच नव्हे. व्यापारी तिथे 'माझे पैसे वसूल करून द्या' असं म्हणत नाही, 'ही कंपनी देणी भागवू शकत नाही, तिचा कारभार ताब्यात घ्या' असं म्हणतो. त्याच्या मनात वसुलीच असते, हे त्यालाही ठाऊक असतं, तुम्हालाही आणि समोर बसलेल्या सदस्यांनाही. पण कागदावरची मागणी वेगळी, म्हणून कलम १० तिथे लागत नाही.

नाशिकहून मनाई हुकूम आणायचा बेत तर सोडूनच द्या. दिवाळखोरी संहितेच्या कलम ६३ ने अशा विषयात दिवाणी न्यायालयाचं अधिकारक्षेत्र काढून घेतलंय, आणि न्यायाधिकरणाच्या अधिकारात होणाऱ्या कारवाईला कोणत्याही कोर्टाने मनाई द्यायची नाही असं कलम ६४ सांगतं. त्यावर कलम २३८ आहे: दुसरा कोणताही कायदा आड आला तर हीच संहिता वरचढ. ते किती वरचढ, हे पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजला कळून चुकलं. महाराष्ट्र सरकारने १९५८ च्या आपल्या मदत उपक्रम कायद्याखाली त्या कंपनीची देणी काही काळ स्थगित केली होती. आयसीआयसीआय बँकेने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कंपनी म्हणाली, सध्या देणीच स्थगित आहेत, मग थकबाकी कुठली? ३१ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याचा कायदा इथे चालणार नाही. जिथे राज्य सरकारच्या स्थगितीला कोणी विचारलं नाही, तिथे तुमच्या-आमच्या मनाई अर्जाची काय कथा.

माझी अर्धी वकिली जुन्या कंपनी कायद्याखाली गेली. तेव्हा कंपनी गुंडाळण्याचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयात लागायचे आणि तिथला हिशेब सरळ होता. मधुसूदन गोरधनदास विरुद्ध मधु वूलन या १९७१ च्या निकालापासून सूत्र ठरलेलं: कर्जाबद्दल प्रामाणिक वाद असेल आणि बचावात दम असेल तर कंपनी गुंडाळायची नाही. न्यायाधीश बरेचदा मधला मार्ग काढायचे. अमुक रक्कम कोर्टात भरा आणि दाव्याला जा. त्यात वर्षं जायची. वकिलांची मुलं शिकून मोठी व्हायची. तुम्ही विचारता तो 'स्टे' त्या काळाचा आहे. २०१६ च्या संहितेत पुरवठादाराच्या अर्जाला, म्हणजे कलम ९ ला, दोनच दारं आहेत. अर्ज दाखल करून घ्या, नाहीतर फेटाळा. दावा संपेपर्यंत लटकवून ठेवा, असं तिसरं दार त्या कलमात बांधलेलंच नाही.

आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. तुम्ही मागताय ते तारखेवर तारीख, पण तुम्हाला मिळू शकतं ते थेट फेटाळणं. नोटीस येण्याआधीपासून खरा वाद होता एवढं दाखवलं, की न्यायाधिकरणाला अर्ज फेटाळावाच लागतो. संहितेने 'वाद' या शब्दाच्या व्याख्येत मालाचा दर्जा स्पष्ट घेतलाय, आणि नोटिशीच्या आधी लावलेला दावाही.

वाद खरा आहे की नाही हे ठरवतात कसं, याचं उत्तर एका नाचाच्या कार्यक्रमातून आलं. मोबिलॉक्स नावाच्या कंपनीने 'नच बलिये' च्या मतदानाचं काम किरुसा या कंपनीला दिलं होतं. किरुसाने आपल्या वेबसाइटवर त्या कामाची जाहिरात केली. मोबिलॉक्सने ३० जानेवारी २०१५ ला मेल केला की गुप्ततेचा करार मोडलात, पैसे थांबवतोय. जवळपास दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, किरुसाने दिवाळखोरीची नोटीस दिली. रक्कम होती वीस लाखांच्या आसपास. न लवाद, न दावा, फक्त तो मेल. २१ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावर किरुसाचा अर्ज बाहेर काढला.

त्या निकालातली कसोटी माझ्या शब्दांत सांगतो. वादात तुम्ही जिंकाल का, हे न्यायाधिकरण बघत नाही. पुढे तपासण्यासारखं काहीतरी आहे का, एवढंच बघतं. बचाव अगदीच पोकळ, मनाचा, कागदाशिवाय केलेला असेल तर तो पाखडून बाजूला काढायचा. उरलेल्या दाण्यांची प्रत मात्र तिथे ठरवायची नाही, ते काम नाशिकच्या कोर्टाचं. पुढे २०२२ च्या जुलैत, बिहारमधल्या साखर कारखान्यांच्या कामावरून एस. एस. इंजिनियर्स आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांच्यात झालेल्या प्रकरणातही न्यायालयाने बजावलं की एनसीएलटी म्हणजे वसुलीचं ऑफिस नव्हे.

तेव्हा तुमचा दावा प्रलंबित आहे याला जे वजन आहे, ते तो प्रलंबित आहे म्हणून नाही. तो नोटिशीच्या आधीचा आहे आणि मालाच्या दर्जाचा आहे, म्हणून आहे. नोटीस हातात पडल्यावर घाईने दावे लावणारे कितीतरी बघितलेत. न्यायाधिकरण दाव्याची तारीख बघतं, नोटिशीची तारीख बघतं आणि पुढची फाईल उघडतं.

आता तुमची फाईल. उत्तरासोबत दाव्याची प्रत आणि दाखल क्रमांक लावाच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या पावसाळ्यातले मेल, ग्राहकाची रिजेक्शनची पत्रं, गेट पास, माल उतरवताना स्टोअरने केलेली नोंद, जाडी मोजल्याचा रिपोर्ट, डेबिट नोट, सगळं तारखेने लावा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले असतील तर ते कोणत्या फोनमधून काढले याचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. आणि तेच व्हॉट्सॲप उलटं वाचून बघा. 'जरा दम धरा, दिवाळीनंतर पैसे सोडतो' असं कुठे लिहून बसला असाल, तर ते मला आत्ताच कळू दे, समोरच्या वकिलाकडून नको. डेबिट नोटवरचा जीएसटीचा क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) तुम्ही उलटवला होता का, हेही सीएंना विचारा. माल खराब म्हणायचा आणि त्याच बिलांचं पूर्ण क्रेडिट खाऊन बसायचं, हे विसंगत दिसतं. अशा बारीक जागी मी केसेस घसरताना बघितल्यात.

एक आकडा मला खुपतोय. नोटीस १ कोटी ३१ लाखांची, तुमचा दावा ८५ लाखांचा. मधले ४६ लाख? ते चांगल्या मालाचे असतील आणि तुम्हाला मान्य असतील तर तसं स्वच्छ लिहा. मार्च २०२० पासून या अर्जाची किमान मर्यादा एक कोटी आहे. निर्विवाद रक्कम तिच्या बरीच खाली राहते, हा माझ्या मते तुमचा दुसरा भक्कम मुद्दा आहे. सगळंच नाकारायला गेलात तर ८५ लाखांचा खरा वादही खोट्यासारखा वाटू लागेल.

आणि बॅलन्स कन्फर्मेशन. हो, बिघडतं. दावा लावल्यावर महिन्याभरात तुमच्याच कंपनीने शिक्क्यासह लिहून दिलं की एवढी बाकी बरोबर आहे. समोरचा वकील पहिल्या तारखेला तोच कागद वर धरणार. मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अशा कबुलीने तीन वर्षांची मुदतही नव्याने सुरू होते. आपल्याकडे मार्च आला की पुरवठादारांची अशी पत्रं गठ्ठ्याने येतात, अकाउंट्सचा माणूस टॅली उघडतो, आकडा जुळला की शिक्का. मालकाला पत्ताही नसतो. त्याला वाटतं तो बेरीज तपासतोय, कायदा म्हणतो तो कर्ज कबूल करतोय.

पण मेलात अशातलं नाही. खातेवहीतली बाकी म्हणजे किती बिलं नोंदली याचा हिशेब, तो माल दर्जाचा होता याची पावती नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. दावा आधीचा आहे आणि तो मागे घेतलेला नाही, म्हणजे कंपनीने वाद सोडलेला नाही, हेही दिसतं. फक्त हा कागद तुम्ही स्वतः उत्तरात मांडा, कसा गेला ते सांगा. लपवलेला कागद दुसऱ्याने काढला की त्याचं वजन दुप्पट होतं. आणि यापुढे असल्या पत्रावर 'वादग्रस्त बिलं व डेबिट नोट वगळून' एवढं लिहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, असं ऑफिसात सांगून ठेवा.

इथपर्यंत बातमी बरी होती. बँकेची तशी नाही.

बँक येईल ती कलम ७ खाली, आणि त्या कलमात 'वाद' हा शब्दच नाही. कर्ज आहे का, हप्ता चुकला का, एवढंच. तुमचा पुरवठादाराशी, ग्राहकाशी किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणात खुद्द बँकेशी दावा चालू असला तरी तेवढ्याने बँकेचा अर्ज थांबत नाही. तरी तुमच्या वकिलांनी 'विदर्भ' चं नाव काढलं असेलच. सगळेच काढतात. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची परिस्थिती वरवर तशीच दिसते आणि फसायला होतं.

नागपूरजवळ बुटीबोरीला विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरचा ६०० मेगावॅटचा वीज प्रकल्प. कोळशाचा वाढलेला खर्च वीजदरात धरायला राज्याच्या वीज नियामक आयोगाने पूर्ण मान्यता दिली नाही. वीज अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला, त्यातून कंपनीला १,७३० कोटी येणं होतं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, पैसे अडकले. इकडे अॅक्सिस बँकेने साडेपाचशे कोटींच्या थकबाकीसाठी दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी मुंबईच्या एनसीएलटीला म्हणाली, ते अपील सुटेपर्यंत थांबा. तुम्ही म्हणताय तेच. २९ जानेवारी २०२१ ला एनसीएलटीने नकार दिला, मार्चमध्ये दिल्लीच्या अपील न्यायाधिकरणानेही.

१२ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही हुकूम रद्द केले. पुरवठादाराच्या कलमात न्यायाधिकरण अर्ज दाखल 'करील' आहे, बँकेच्या कलमात 'करू शकेल' आहे, हा फरक कायदेमंडळाने उगाच केलेला नाही, असं न्यायालय म्हणालं. कंपनीची एकूण प्रकृती, तिच्या बाजूने झालेला आणि कर्जाच्या कितीतरी पट असलेला निवाडा, हे सगळं बघून दाखल करायचं की नाही ते ठरवा.

त्या आठवड्यात आमच्या वकिलांच्या गटांवर पेढे वाटल्यासारखे संदेश फिरत होते. पेढे फार टिकले नाहीत. सप्टेंबरमध्ये फेरविचार अर्ज फेटाळताना न्यायालयाने सांगितलं की आम्ही बोललो ते त्या प्रकरणापुरतं. पुढे ११ मे २०२३ ला सुरेशकुमार रेड्डी विरुद्ध कॅनरा बँक या निकालात पुन्हा स्पष्ट केलं: कर्ज आणि थकबाकी सिद्ध झाली की नाकारायला जागा जवळपास उरत नाही, 'विदर्भ' हा त्याच्या वस्तुस्थितीतून निघालेला निकाल. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने तर त्या 'करू शकेल' वरच बोट ठेवलं आणि थकबाकी दिसली की दुसरं कारण बघायचं नाही, असं सुचवलं. तुमची तारीख लागेल तेव्हा वकिलांना कलम ७ चा त्या दिवशीचा मजकूर समोर ठेवूनच बोलायला सांगा.

तुमची तुलना करा. विदर्भचं येणं कर्जाच्या तिप्पट. तुमचा निवाडा २ कोटी ६० लाखांचा, कर्ज ४ कोटी १० लाखांचं. निवाडा उद्या हातात आला तरी बँक भागत नाही. मग न्यायाधिकरण थांबून मिळवणार काय? आणि विदर्भचं पुढे झालं ते ऐका. एवढी लढाई जिंकूनही तो प्रकल्प अखेर दिवाळखोरी प्रक्रियेतूनच गेला. जुलै २०२५ मध्ये अदानी पॉवरने तो ४,००० कोटींना घेतला.

खरोखर थांबण्याला अर्थ असतो तो एकाच प्रसंगी, थकबाकी झाली की नाही हेच ठरायचं असतं तेव्हा. पुण्याच्या इंडस बायोटेकमध्ये तसं होतं. कोटकच्या फंडांनी त्या कंपनीचे प्राधान्य समभाग घेतले होते, त्यांचं रूपांतर कोणत्या सूत्राने करायचं यावर भांडण होतं. फंड म्हणाले, आमचे साडेतीनशेहून अधिक कोटी थकले. कंपनी म्हणाली, हिशेबच ठरला नाही तर थकले कसे? मुंबईच्या एनसीएलटीने प्रकरण लवादाकडे जाऊ दिलं आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पण एक क्रम घालून दिला. लवादाचा अर्ज आला म्हणून दिवाळखोरीचा अर्ज बाजूला सारायचा नाही, आधी थकबाकी आहे का ते तपासायचं. आहे असं दिसलं तर लवाद मागे पडतो. तुमच्या सीसी खात्याचा आकडा तुम्ही स्वतःच पत्रात कबूल केलाय, तेव्हा हे दार तुमच्यासाठी बंद समजा.

मग त्या निवाड्याचं काय करायचं? एनसीएलटीत ढाल म्हणून धरण्यापेक्षा तो वठवा. ग्राहकाने लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिलंय म्हणजे निवाडा गोठला, असं बहुतेकांना वाटतं. २०१५ च्या दुरुस्तीपासून तसं नाही. आव्हान दाखल केल्याने अंमलबजावणी आपोआप थांबत नाही, त्यासाठी वेगळी स्थगिती घ्यावी लागते आणि ती देताना कोर्ट बहुधा पैसे भरायला लावतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपोआप स्थगिती परत आणणारं कलमच रद्द केलं. (त्याच याचिकेत कंपनीचं दुसरं गाऱ्हाणं तुमच्यासारखंच होतं, की आमची येणी सरकारी संस्थांकडे अडकलेली आणि आम्हालाच दिवाळखोरीची भीती. ते मात्र न्यायालयाने ऐकलं नाही.) तुमच्या ग्राहकाने स्थगिती घेतली आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला शंका आहे की तुम्ही बघितलंच नसावं. नसेल घेतली, तर या महिन्यात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावा. पैसे कोर्टात भरले गेले तर बँक हमी देऊन काढायची परवानगी मागा, आणि ही सगळी हालचाल बँकेला लेखी कळवा. येणारा पैसा डोळ्यांना दिसला की बँकेचा अधिकारी बसून बोलतो. तडजोडीचा प्रस्ताव अर्ज दाखल होण्याआधी द्यायचा, नंतर नाही.

त्या ग्राहकावर उलट दिवाळखोरीची नोटीस टाकू, असं कोणी सुचवेल. ते चालणार नाही. के. किशन विरुद्ध विजय निर्माण या ऑगस्ट २०१८ च्या निकालाप्रमाणे निवाड्याला आव्हान प्रलंबित असेल तर तोच 'वाद' धरला जातो. व्यापाऱ्याविरुद्ध तुम्ही जी ढाल वापरणार आहात, तीच तुमचा ग्राहक तुमच्याविरुद्ध वापरेल.

वाईटात वाईट झालं आणि न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला तर? कारभार त्याच दिवशी तुमच्या हातून जातो, संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कलम १४ चा मोरॅटोरियम सुरू होतो. गंमत म्हणजे, स्थगिती तेव्हा खरोखर येते. कंपनीविरुद्धचे दावे, वसुल्या, जप्त्या, सगळं थांबतं. कंपनीने लावलेले दावे थांबत नाहीत, म्हणजे तुमचा नाशिकचा दावा चालूच राहील, पण तो चालवायचा की सोडायचा हे रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस, ठरवेल. तुम्ही बाहेर बाकावर. अपिलाला तीस दिवस असतात, पण तितके दिवस वाट बघू नका. २०२५ पर्यंतच्या तरतुदींप्रमाणे धनकोंची समिती बसण्याआधी तडजोड झाली तर निघणं सोपं होतं, समिती बसली की नव्वद टक्के मतं लागायची. तडजोडही ठरलेल्या वाटेनेच न्यावी लागते. बायजूजच्या प्रकरणात क्रिकेट मंडळाशी तडजोड होऊन अपील न्यायाधिकरणाने प्रकरण बंद केलं होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटवलं, कारण वाट चुकली होती.

चेकच्या केसबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. १ मार्च २०२१ च्या पी. मोहनराज निकालाप्रमाणे मोरॅटोरियम लागला की कंपनीवरची चेकची केस थांबते. संचालकांवरची थांबत नाही. सही करणाऱ्याला ती चालवावीच लागते. चेकवर सही तुमची होती की वहिनींची? बँकेच्या हमीपत्रावर त्यांची सही असेल तर तीही वेगळी बाब आहे, कारण कंपनीचा मोरॅटोरियम जामीनदाराला झाकत नाही. घर कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलं नाही आणि इथे छापायला नकोच. वहिनींना घेऊन वेगळ्या वकिलांकडे एकदा जा. कंपनीचे वकील कंपनीचे असतात.

दहा दिवसांतलं उत्तर आणि दरखास्त, ही दोन कामं आधी. स्टेचा अर्ज करायचाच असेल तर वकिलांना करू द्या, त्यांचंही मन राखायला हवं, पण त्यावर झोपू नका. आणि त्या अकाउंटंटला बोल लावू नका, सध्या नोकरीवरून काढू तर अजिबात नका. तो शिक्का का आणि कसा पडला, याचं शपथपत्र त्यालाच करायचं आहे.